शिवराईला चिंच-मीठ लावू नका

गणपती जवळ आले की कोकणातल्या घराघरांत समया, ताम्हनं, तांबे चिंच-मिठानं किंवा आमसुलानं घासून लख्ख होतात. त्याच हातासरशी देवघरातल्या डबीतली शिवराई, म्हणजे मराठेशाहीतलं तांब्याचं नाणं, किंवा व्हिक्टोरिया राणीची छाप असलेला चांदीचा राणीछाप रुपयाही घासला जातो. भांड्याचं त्यानं काही बिघडत नाही, नाण्याचं मात्र बिघडतं.

तांब्यावरचा तपकिरी थर म्हणजे मळ नव्हे. ते तांब्याचं ऑक्साइड असतं, घट्ट बसलेलं आणि खालच्या धातूला राखणारं. 1674 पासून पाडल्या गेलेल्या शिवराईवर ‘श्री राजा शिव’ आणि ‘छत्रपति’ ही अक्षरं असतात. झिजलेल्या नाण्यात त्यांच्या कडा बऱ्याचदा या थरातच टिकून असतात. चिंचेतलं टार्टारिक आणि लिंबातलं सायट्रिक आम्ल हा थर विरघळवतं. मागे उरतं गुलाबी, उघडं तांबं. जाणकार ते हातात न घेताच ओळखतो आणि किंमत पाडून सांगतो.

मीठ तर आम्लाहून वाईट. त्यातलं क्लोराइड तांब्याच्या खाचाखोचांत शिरून क्यूप्रस क्लोराइड तयार होतं. त्याला दमट हवा मिळाली की फिकट हिरवी भुकटी सुटते आणि सोबत हायड्रोक्लोरिक आम्ल. ते आम्ल पुन्हा तांबं खातं, पुन्हा क्लोराइड बनतं. हाच ‘ब्राँझ रोग’. हवेतली सापेक्ष आर्द्रता 40-45 टक्क्यांच्या वर गेली की तो जोर धरतो. आपल्याकडे पावसाळ्यात ती 80 च्याही पुढे असते. खाडीकाठच्या मातीतून निघालेल्या नाण्यात तर मीठ आधीच मुरलेलं असतं.

सगळंच हिरवं रोगट नसतं. टणक, गडद जंगाल असू द्यावं. लाकडी काडीनं हलकेच टोकरल्यावर भुकटी पडली आणि काही दिवसांत तिथेच परत आली, तर ते नाणं इतरांपासून वेगळं काढा आणि हवाबंद डब्यात ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलसोबत ठेवा. जेलचा रंग बदलला की ते तापवून सुकवायचं. संग्रहालयांत यावर बेन्झोट्रायाझोल हे गंज रोखणारं रसायन वापरतात, पण ते विषारी आहे. घरी त्याच्या वाटेला जाऊ नये.

चांदीवरचा काळा थर सल्फाइडचा. टूथपेस्टमधली खर त्याच्यासोबत चांदीही खरवडते आणि बारीक ओरखडे कायमचे राहतात. राणीछाप रुपया 11.66 ग्रॅमचा, 91.7 टक्के चांदीचा. 1940 ते 45 च्या रुपयात चांदी निम्मीच, त्यामुळे आम्लानं पृष्ठभागातलं तांबं निघून जातं आणि चट्टे पडतात.

मग करता काय येतं? जुन्या पीव्हीसी प्लास्टिकच्या पाकिटाचा हिरवट चिकटा किंवा तेलकटपणा असेल, तर शुद्ध ॲसिटोन. नेलपॉलिश रिमूव्हर नव्हे, त्यात रंग-वास मिसळलेले असतात. काचेच्या वाटीत नाणं बुडेल इतकं घ्या, 10-15 मिनिटं ठेवा, कडेला धरून उचला, पुसू नका. खिडक्या उघड्या आणि जवळ समई-निरांजन काहीही पेटतं नको. माती सैल करायला डिस्टिल्ड वॉटर, रोज बदलून. किनाऱ्यावरच्या विहिरीचं मचूळ पाणी मुळीच नको.

सातवाहनांच्या शिशाच्या नाण्यांची तऱ्हा निराळी. त्यांना व्हिनेगर तर नकोच, पण लाकडी कपाटातून सुटणारी ॲसेटिक आम्लाची वाफही पुरते, पांढरी भुकटी धरते. ती विषारी असते, हातमोज्यांशिवाय शिवू नये.

आणि जमिनीत पुरलेली नाणी सापडली, तर 1878 च्या निखात निधी कायद्यानुसार 10 रुपयांहून जास्त मोलाच्या ठेव्याची खबर जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी लागते. तीही मातीसकट, न धुता न्यावीत.