सांधणे आणि वाढवणे: लाकडी वाड्यातली दोन वेगळी कामे

जुन्या वाड्याचा जीर्णोद्धार आणि त्याला जोडून नव्या खोल्या काढणे ही कामे बहुधा एकाच वेळी, एकाच सुताराच्या हातून आणि कधी कधी एकाच सागवानातून होतात, त्यामुळे ती एकच आहेत असा समज सहज होतो. ऐतिहासिक वास्तूंच्या जतनाविषयीच्या १९६४च्या आंतरराष्ट्रीय व्हेनिस सनदेने मात्र त्यांना स्वतंत्र कलमे दिली आहेत. बाराव्या कलमानुसार, नष्ट झालेल्या भागाच्या जागी बसवलेला भाग वास्तूशी एकजीव दिसावा, तरीही तो मूळचा नव्हे हे ओळखता यावे. तेरावे कलम भर घालण्याविषयी आहे आणि ते अधिक कडक आहे: वास्तूचे वेधक भाग, परिसर किंवा रचनेचा तोल यांना बाधा येणार असेल, तर भर घालूच नये.

पुण्याच्या विश्रामबागवाड्याला १८७९ साली आग लागली. जळालेला भाग पुन्हा उभारणे हे कितीही मोठे काम असले, तरी ती भर नव्हे.

दुरुस्तीने संकोचून राहावे. तळखड्यालगत, म्हणजे खांबाखालच्या दगडी बैठकीपाशी, ओल धरून खांबाचा पाय कुजला असेल, तर अख्खा खांब न बदलता कुजका तुकडा कापून तिथे वाळलेले सागवान तिरकस सांध्याने जोडतात. जवळ गेल्यावर रंगातला फरक दिसतो, चौकातून दिसत नाही.

विस्ताराचे याच्या उलट आहे. काँक्रीटच्या खांबाला फळ्या ठोकून आणि वर फायबरची महिरप चिकटवून केलेली नक्कल मला तरी साध्या काचेच्या भिंतीपेक्षा अधिक उपरी वाटते, कारण तिच्यामुळे शेजारच्या खऱ्या सुरूदार (सुरूच्या झाडाच्या आकाराच्या) खांबाबद्दलही शंका येऊ लागते. पण दिसण्यापेक्षा भाराचा प्रश्न मोठा आहे. वाड्यात वजन खांब, तुळया आणि कडीपाट (लाकडी कड्या आणि फळ्यांचे छत) यांच्या सांगाड्यावर असते. लाकूड पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि नव्या बांधकामाचा पाया जुन्यापेक्षा वेगळ्या गतीने खचतो. म्हणून नव्या स्लॅबची कड जुन्या तुळईवर कधीही टेकवू नये. नव्याला स्वतःचे खांब आणि स्वतःचा पाया द्यावा, आणि दोहोंमध्ये हालचालीला वाव देणारी फट ठेवावी. ही फट सिमेंटने बुजवली, तर तडे जातातच, शिवाय चुन्याच्या भिंतीतली ओल अडून शेजारच्या लाकडात उतरते.

दोन छपरे मिळतात तिथली पन्हळ मात्र रुंद हवी आणि साफ करायला माणूस पोहोचेल अशी हवी, कारण गळती तिथूनच सुरू होते. न्हाणीघर, स्वयंपाकघर आणि लिफ्ट नव्या भागात नेली, तर जुन्या कडीपाटाला नळांसाठी भोके पाडावी लागत नाहीत. विस्तार करण्याचे सर्वांत पटणारे कारण माझ्या लेखी हेच आहे.