तिरडी कोण बांधतं?

बाबा गेले तेव्हा पहाटेचे अडीच वाजले होते. नातेवाईकांना फोन झाले, डॉक्टर येऊन गेले, उजाडता उजाडता डोंबिवलीतल्या आमच्या सोसायटीत खाली पन्नासेक माणसं जमली. मर्तिकाच्या सामानाच्या दुकानातून बांबू, कामट्या, सुतळी, मडकी, कापड सगळं आलं. मग कुणीतरी हळूच विचारलं, "बांधता येते का कुणाला?" एकालाही येत नव्हती. शेवटी चौथ्या मजल्यावरचे एक काका पुढे झाले. मूळचे साताऱ्याकडचे. त्यांनी सात-सात फुटांचे दोन ओले बांबू जमिनीवर ठेवले, हाताने अंतर मोजत आडव्या कामट्या मांडल्या आणि सुतळी बादलीत बुडवली. ओली सुतळी घसरत नाही, म्हणाले. प्रत्येक सांध्याला फुलीचा वेढा आणि वर गाठ. मी कामटी धरायला वाकलो तर त्यांनी माझा हात बाजूला केला. "घरच्यांनी हात लावायचा नसतो. तुम्ही आत बसा, आईजवळ."

त्यांचं ते बोलणं माझ्या मनातून गेलं नाही. आपल्याकडे अंत्यसंस्कार ही गोष्ट दुःखात असलेल्या घराने एकट्याने करायची, असं कधीच नव्हतं. दुसऱ्याचे हात लागतातच. ते हात कुणाचे, आपखुशीचे की सक्तीचे, यातच या विधीचा खरा इतिहास आहे. मंत्र आणि पिंड याविषयी पुष्कळ लिहिलं गेलं आहे. हातांविषयी कमी.

गावात माणूस गेला की त्या घराची चूल बंद. शेजारपाजारचे आणि सोयरे भाकरी-पिठलं घेऊन येतात, त्याला काही भागांत कडू घास म्हणतात. भाऊबंद लाकडं-गोवऱ्या जमवतात, कुणी सरण रचायला पुढे जातं. गाडगं-मडकं कुंभाराकडून यायचं, क्षौर न्हाव्याने करायचं. वाटेत विसाव्याच्या जागी तिरडी टेकवायची, खांदेकऱ्यांनी जागा बदलायच्या आणि पुढे निघायचं. रडणाऱ्या माणसाला काहीही ठरवावं लागत नाही, ही त्या पद्धतीतली मोठी माया. मला ती आजही मोलाची वाटते.

पण त्या मायेच्या तळाशी वेठ होती. परगावच्या सोयऱ्यांना मयताचा सांगावा कोण नेणार? महार. रात्र असो, पाऊस असो, नदीला पाणी असो, दहा-बारा कोस पायी जायचं. सरणाला लाकडं वाहायची तीही त्यांनीच. बदल्यात काय, तर मढ्यावरचं कापड आणि शिळी भाकरी. याला 'हक्क' असं नाव होतं आणि बलुत्याच्या चौकटीत ते पक्कं बसवलेलं होतं. इंग्रजांनी १८७४ च्या वतन कायद्याने ही चौकट लेखी केली. तिच्यात बदल करण्यासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात विधेयक मांडलं. वतन गुलामगिरीच्या बेडीसारखं आहे, ते सोडा, असं ते आपल्या माणसांनाही सांगत राहिले. ही कनिष्ठ वतनं कायद्याने रद्द व्हायला १९५८ साल उजाडावं लागलं. ज्यांनी गावाच्या सरणाला लाकडं वाहिली, त्यांच्या स्वतःच्या माणसाला मात्र त्या जागेवर अग्नी देता येत नसे. त्यांचा मसणवटा वेगळा. ही वाटणी अजून पुसली गेलेली नाही. कितीतरी गावांत एका समाजाच्या स्मशानभूमीला शेड आणि रस्ता आहे, दुसऱ्याच्या वाट्याला ओढ्याकाठची उघडी जागा. जनसुविधा योजनेतून ग्रामपंचायतींना दहनभूमी-दफनभूमीसाठी निधी मिळतो, तरी भर पावसात ताडपत्री धरून सरण पेटवणाऱ्या माणसांचे फोटो दर पावसाळ्यात वर्तमानपत्रांत दिसतात. ते पाहिले की माझं मन खरोखर विटतं.

शहरात प्रश्न वेगळा होता. माणसं वाढली आणि जागेवरून झगडा सुरू झाला. मुंबईत मरीन लाइन्सजवळची सोनापूरची स्मशानभूमी ही त्यातली मोठी लढाई. एकोणिसाव्या शतकात सरकारच्या मनात ती उचलून शिवडीला न्यायचं होतं. गिरगाव-भुलेश्वरच्या वस्तीला शिवडी म्हणजे केवढं अंतर, आणि जायचं तेही खांद्यावर तिरडी घेऊन! जगन्नाथ शंकरशेट, म्हणजे आपले नाना, या प्रकरणात उभे राहिले आणि स्मशान जागेवर राहिलं. नानांचं नाव आपण रेल्वेसाठी आणि शाळा-कॉलेजांसाठी घेतो. मला त्यांचं हे काम तितकंच मोठं वाटतं. सोनापूर मुंबईकरांच्या बोलण्यात असं रुजलं की 'सोनापूरला गेला' म्हटलं की आणखी काही सांगावं लागत नसे. पुण्यात तेच 'ओंकारेश्वरावर नेलं' या शब्दांत सांगत, कारण मुठेकाठी ओंकारेश्वराच्या देवळाजवळ शहराचं स्मशान होतं. पुढे ते वैकुंठात गेलं आणि बोलण्यातही वैकुंठ आलं.

मुंबई महापालिकेचा कायदा १८८८ चा. मृतांच्या विल्हेवाटीच्या जागांचं नियमन करणं आणि नव्या जागा उपलब्ध करून देणं हे त्यात पालिकेचं बंधनकारक काम म्हणून घातलेलं आहे. मर्जीचा मामला नाही तो. आज आपण पालिकेच्या स्मशानात जातो, तिथे नोंदवही असते, कामगार असतो, लाकूड मिळतं, हे त्या एका कलमामुळे. गिरणगावात मात्र पालिकेच्या आधी चाळ धावायची. कोकणातून, घाटावरून आलेल्या गिरणी कामगारांची गावागावांची मंडळं होती. कुणी गेलं की त्यांतलीच माणसं वर्गणी काढायची, गावाला तार करायची, तिरडी बांधायची. भावकी गावाला राहिली होती, तिची जागा खोलीतल्या गाववाल्यांनी घेतली. आमचे काका ज्या पद्धतीने सुतळी ओढत होते, ती त्यांना परळच्या चाळीत शिकायला मिळाली होती, हे मला नंतर कळलं.

१८९० च्या नोव्हेंबरात पुण्यात महात्मा फुले गेले. आपला देह मिठात घालून पुरावा अशी त्यांची इच्छा होती आणि त्यासाठी घरामागे जागाही धरली होती. वस्तीत दफन करायला नगरपालिकेने परवानगी दिली नाही. ते स्वतः एकेकाळी त्याच नगरपालिकेचे सदस्य होते. दहन करायचं ठरलं, तर टिटवं, म्हणजे विस्तवाचं मडकं, कुणी धरायचं यावरून वाद. यशवंत दत्तक मुलगा, त्याच्या हक्काला भाऊबंदांनी हरकत घेतली. तेव्हा सावित्रीबाई पुढे झाल्या. ते मडकं त्यांनी स्वतः हाती घेतलं, अंत्ययात्रेच्या पुढे चालल्या आणि नवऱ्याच्या चितेला अग्नी दिला. बाईने स्मशानात पाऊल ठेवू नये असं मानणाऱ्या काळातली ही गोष्ट. आज लेक किंवा सून अग्नी देते तेव्हा बातमी होते. बातमी व्हायची थांबली पाहिजे, इतकंच मला म्हणायचं आहे.

पुढे सहा-सात वर्षांत प्लेग आला. स्वतः सावित्रीबाई प्लेगच्या रोग्यांची सेवा करताना १८९७ च्या मार्चमध्ये गेल्या. त्याच वर्षी साथीच्या रोगांचा कायदा झाला आणि मरण ही घरातली गोष्ट उरली नाही, सरकारच्या कागदावरची गोष्ट झाली. जन्ममृत्यूच्या नोंदीचा कायदा १८८६ चा, पण तो ऐच्छिक नोंदीचा होता. प्लेगात कुणी कशाने मेलं हे सरकारला हवंच होतं. लोकांना त्याचा धसका बसला, कारण घरात प्लेगचं मरण आहे असं कळलं की सोजिर, म्हणजे सैनिक, यायचे, सामान बाहेर फेकायचे, उरलेल्यांना छावणीत न्यायचे. माणसं मयत लपवू लागली, रात्री गुपचूप उरकू लागली. मृत्यूच्या दाखल्याविषयी आपल्या मनात जी एक अढी असते, तिची मुळं मला तिथे दिसतात.

आजचा कागद १९६९ च्या कायद्याने आला. त्याने नोंद सक्तीची केली, त्याखालच्या नियमांनी २१ दिवसांची मुदत घातली, आणि मृत्यूचं कारण लिहून देणाऱ्या डॉक्टरने त्याबद्दल पैसे घेऊ नयेत हेही कायद्यातच लिहिलेलं आहे. हे शेवटचं फार थोड्या लोकांना ठाऊक असतं. आमच्याकडे त्या पहाटे आलेल्या डॉक्टरांनी दाखल्याचे वेगळे पैसे मागितले आणि मी मुकाट्याने दिले. त्या क्षणी कुणीही देईल. घरी मरण आलं तर शेवटच्या आजारात पाहणाऱ्या डॉक्टरचा दाखला लागतो, तो घेतल्याशिवाय स्मशानात कुणी पुढे सरकू देत नाही. म्हणून घरात दीर्घ आजारी माणूस असेल तर रात्री येईल असा डॉक्टर आधी पाहून ठेवावा. अपघात किंवा संशय असेल तर मामला पोलिसांकडे आणि शवविच्छेदनाकडे जातो, मग घाई करून काही होत नाही.

लाकडाकडून दाहिनीकडे आपण कसे आलो, हा भाग मला वाचताना फार वेगळ्या जागी घेऊन गेला. कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज, जेमतेम वीस वर्षांचे, इंग्लंड पाहून परत येताना ३० नोव्हेंबर १८७० रोजी इटलीतल्या फ्लॉरेन्समध्ये वारले. त्या शहरात प्रेत जाळायची रीत नव्हती आणि मुभाही नव्हती. बरोबरच्या कोल्हापूरच्या माणसांनी काय करावं? भाषा परकी, थंडीचे दिवस, राजा हॉटेलात निष्प्राण. खटपट करून खास परवानगी मिळाली आणि कॅशिने उद्यानाच्या टोकाला, आर्नो नदीला दुसरी नदी मिळते त्या संगमावर, रात्रीच्या अंधारात चिता पेटली. संगम शोधला, हे मला फार हलवून गेलं. परमुलखातही आपल्या माणसाला पाण्याकाठीच नेलं त्यांनी. चार वर्षांनी तिथे महाराजांचं स्मारक उभं राहिलं. फ्लॉरेन्सचे लोक आजही त्या जागेला 'इंदियानो' म्हणतात आणि शेजारच्या पुलाचंही तेच नाव आहे. १८७६ मध्ये त्याच इटलीत, मिलानला, आधुनिक भट्टीत दहन झालं. युरोपातल्या या भट्टीचीच पुढची रूपं आपल्याकडे विद्युतदाहिनी आणि गॅसदाहिनी म्हणून आली.

आली, पण लोकांना ती पटायला वेळ लागला. कवटी फुटल्याचा आवाज ऐकल्याशिवाय माणूस सुटला असं न मानणारे आपण, लोखंडी दार बंद झालं की आत काय झालं ते कळत नाही ही तक्रार खरीच होती. फेब्रुवारी १९६६ मध्ये स्वातंत्र्यवीर सावरकर गेले. दहाव्या-तेराव्याचे विधी करू नयेत असं त्यांनी लिहून ठेवलं होतं, आणि त्यांच्या इच्छेप्रमाणे मुंबईत सोनापूरलाच विद्युतदाहिनीत अंत्यसंस्कार झाला. नानांनी राखलेली तीच जागा. एका सरणाला साधारण ३०० किलो लाकूड जातं. हा हिशेब डोळ्यांपुढे आला की दाहिनीला नाही म्हणणं मला तरी जमत नाही. बाबांनीही तेच सांगून ठेवलं होतं.

खांद्याविषयी एक सांगायचं राहिलं. १ ऑगस्ट १९२० ला लोकमान्य टिळक गेले. खास परवानगी घेऊन गिरगाव चौपाटीवर, भर पावसात दहन झालं. त्या अंत्ययात्रेत गांधीजींनी आणि शौकत अलींनी खांदा दिला. जातीबाहेरचा, धर्माबाहेरचा खांदा चालतो का, हा त्या काळी खरा प्रश्न होता. १९५६ च्या ७ डिसेंबरला दादर चौपाटीवर बाबासाहेबांचा अंत्यविधी बौद्ध पद्धतीने झाला. आदल्या दिवशी ते दिल्लीत गेले होते, रात्रीतून विमानाने पार्थिव मुंबईत आणलं होतं. चितेच्या साक्षीने लाखो माणसांनी धम्मदीक्षा घेतली. ज्या समाजाला सांगावा वाहायला लावलं, त्याने आपल्या माणसाला आपल्या रीतीने, समुद्रकाठी, उजळ माथ्याने निरोप दिला. चैत्यभूमी त्याच जागेवर आहे.

आणि मग कोरोना. चार खांदे ही गोष्टच बंद झाली. एप्रिल २०२१ मध्ये अंबाजोगाईला एकाच सरणावर आठ देह ठेवावे लागले आणि त्याच महिन्यात तिथेच एका रुग्णवाहिकेत बावीस देह नेले गेले. घरचे लांब उभे, किंवा स्वतःच आजारी. प्रेताला हात लावला तो पालिकेच्या आणि नगरपालिकांच्या कामगारांनी, पीपीई घालून, दिवसरात्र. त्यांतले कितीतरी कंत्राटी. पुन्हा तोच प्रश्न: हात कुणाचे, आणि त्या हातांना आपण काय देतो?

बाबांच्या वेळी दाहिनीवर जो कामगार होता, त्याने दार लावण्याआधी आम्हाला विचारलं, "अजून कुणी यायचंय का? थांबतो मी." बहिणीने मडकं धरलं होतं, तिच्याकडे त्याने दोनदा पाहिलं, काही बोलला नाही, तिला पुढे यायला वाट करून दिली. दोन तासांनी आम्ही परत गेलो. पत्र्याच्या ट्रेवर त्याने खडूने बाबांचं आडनाव लिहून ठेवलं होतं. अस्थी निवडून एका बाजूला, राख एका बाजूला. आणलेला कापडाचा तुकडा मी पुढे केला तर म्हणाला, "जरा दम धरा दादा, अजून गरम आहे. हात भाजंल."