झुमा, जेकब

(१२ एप्रिल १९४२ – ). दक्षिण आफ्रिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष (२००९–१८). क्वाझुलू-नाताल प्रांतातील एनकांडला येथे एका गरीब झुलू कुटुंबात जन्म. ते लहान असतानाच वडील वारले आणि आई डरबनमध्ये घरकाम करी, त्यामुळे त्यांना शालेय शिक्षण मिळाले नाही. १९५९ मध्ये ते वर्णभेदाविरुद्ध लढणाऱ्या आफ्रिकन नॅशनल काँग्रेसमध्ये (एएनसी) दाखल झाले. १९६३ मध्ये अटक झाल्यावर त्यांनी रॉबेन बेटावर दहा वर्षांची शिक्षा भोगली आणि १९७५ नंतर परदेशात राहून संघटनेच्या गुप्तवार्ता विभागाचे नेतृत्व केले. मायदेशी परतल्यावर नातालमधील एएनसी व इंकाथा हा झुलूबहुल पक्ष यांच्यातील रक्तपात थांबवण्यात त्यांचा मोठा वाटा होता. पुढच्या आरोपांच्या गदारोळात या कामगिरीचा विसर पडणे अन्यायाचे आहे.

१९९९ मध्ये ते उपराष्ट्राध्यक्ष झाले. त्यांचे आर्थिक सल्लागार शाबीर शेख यांना २००५ मध्ये भ्रष्टाचाराच्या गुन्ह्यात १५ वर्षांची शिक्षा झाली, तेव्हा राष्ट्राध्यक्ष थाबो एम्बेकी यांनी झुमांना पदावरून दूर केले. बलात्काराच्या खटल्यातून ते मे २००६ मध्ये निर्दोष सुटले. मात्र एचआयव्हीबाधित महिलेशी संबंध आल्यावर संसर्ग टाळण्यासाठी आपण शॉवर घेतला, हे त्यांचे न्यायालयातील विधान, एड्सने ग्रासलेल्या देशात, अत्यंत घातक होते. तरीही डिसेंबर २००७ मध्ये पोलोक्वाने येथील अधिवेशनात एम्बेकींना हरवून ते पक्षाध्यक्ष झाले आणि २००९ मध्ये राष्ट्राध्यक्ष. एम्बेकींच्या काळात रखडलेला एचआयव्हीवरील औषधोपचार त्यांच्याच सरकारने लाखो रुग्णांपर्यंत पोहोचवला, हेही नोंदवले पाहिजे.

त्यांच्या कारकिर्दीचे मर्म एनकांडला प्रकरणात दिसते. सुरक्षेच्या नावाखाली त्यांच्या खासगी निवासस्थानावर सुमारे २४ कोटी ६० लाख रँड सरकारी पैसा खर्च झाला. त्यात गुरांचा गोठा, कोंबड्यांचे खुराडे, प्रेक्षागार आणि पोहण्याचा तलावही होता. हा तलाव आग विझवण्यासाठी आहे, असे पोलीसमंत्र्यांनी २०१५ मध्ये चित्रफीत दाखवून सांगितले आणि संसदेतील बहुमताने ते मान्यही केले. लोकसंरक्षक (सरकारी गैरकारभाराची चौकशी करणारे घटनात्मक पद) थुली माडोन्सेला यांनी मात्र सुरक्षेशी असंबद्ध खर्चाचा काही भाग झुमांनी परत करावा, असे २०१४ मध्येच बजावले होते. तो आदेश डावलून झुमांनी राज्यघटनेचे पालन केले नाही, असा एकमुखी निकाल घटना न्यायालयाने ३१ मार्च २०१६ रोजी दिला, आणि त्यांना सुमारे ७८ लाख रँड भरावे लागले.

मूळचे उत्तर प्रदेशातील सहारनपूरचे असलेल्या, झुमांच्या निकटच्या गुप्ता या उद्योजक बंधूंनी मंत्र्यांच्या नेमणुकांपासून सरकारी कंपन्यांच्या कंत्राटांपर्यंत प्रभाव टाकल्याचा आरोप याहूनही गंभीर होता. डिसेंबर २०१५ मध्ये अर्थमंत्री न्हलान्हला नेने यांना अचानक काढल्यावर रँड कोसळला. अखेर स्वपक्षाच्याच दबावाखाली १४ फेब्रुवारी २०१८ रोजी झुमांनी राजीनामा दिला.

या आरोपांची चौकशी करणाऱ्या न्यायमूर्ती झोंडो आयोगासमोर येण्याचे टाळल्यामुळे घटना न्यायालयाने जून २०२१ मध्ये त्यांना १५ महिन्यांची शिक्षा सुनावली. ते तुरुंगात जाताच क्वाझुलू-नाताल व खाउतेंग प्रांतांत उसळलेल्या दंगलींत तीनशेहून अधिक लोक मेले. वैद्यकीय कारणास्तव ते दोन महिन्यांत बाहेर आले. याच शिक्षेमुळे मे २०२४ मध्ये ते उमेदवारीस अपात्र ठरले, पण त्यांच्या नेतृत्वाखालील उमखोंतो वेसिझ्वे पक्षाने ५८ जागा जिंकल्या, एएनसीने १९९४ नंतर प्रथमच बहुमत गमावले आणि त्याच वर्षी एएनसीने झुमांची हकालपट्टी केली.