भोकाच्या मध्यावर कॅलिपर टेकवणार कुठे?

सरावाच्या टार्गेटवर पाचही गोळ्या डावीकडे आठच्या रिंगमध्ये, पण एकमेकींना चिकटून बसल्या असतील तर कोच खूश होतो. साइटचा, म्हणजे नेम धरायच्या भागाचा, स्क्रू क्लिक मोजून फिरवला की अख्खा घोळका मध्यावर येतो. विखुरलेल्या भोकांना मात्र क्लिकचा उपाय नाही. या घोळक्यालाच रेंजवर ‘ग्रुप’ म्हणतात.

ग्रुपचा आकार म्हणजे एकमेकांपासून सर्वांत लांब असलेल्या दोन भोकांच्या केंद्रांमधलं अंतर. पण भोकाचं केंद्र म्हणजे नुसती पोकळी! म्हणून कॅलिपर, म्हणजे दोन जबड्यांमध्ये अंतर मोजायचं साधन, बाहेरच्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत लावायचा आणि गोळीचा व्यास वजा करायचा. पॉइंट टू-टू रायफलीची गोळी 5.6 मिमीची. कॅलिपरने 20.1 दाखवले तर ग्रुप 14.5 मिमीचा. 50 मीटरवर हा जवळपास बरोबर एक मिनिटाचा कोन होतो, म्हणजे अंशाचा साठावा भाग. 2024 साली पॅरिसला कोल्हापूरच्या स्वप्नील कुसळेने ब्राँझ मिळवलं ते याच अंतरावर. तिथे दहाची रिंग 10.4 मिमीची असते आणि गोळीची कड रेषेला शिवली तरी दहा मिळतात. त्यामुळे एवढा ग्रुप मध्यावर बसला तर बहुतेक सगळे दहाच.

कागद मात्र थोडी फसवणूक करतो. गोळी आरपार गेली की ताणलेले तंतू परत आत येतात आणि भोक गोळीपेक्षा लहान दिसतं. मग पूर्ण 5.6 वजा केले की ग्रुप आहे त्यापेक्षा छान निघतो. त्यापेक्षा बाजूला एकटं पडलेलं भोक त्याच कॅलिपरने मोजावं आणि तेवढंच वजा करावं. एअर रायफलच्या चपट्या तोंडाच्या छर्‍याने हा त्रास कमी होतो, तो पंचिंग मशीनसारखं स्वच्छ भोक पाडतो.

खरी गोम वेगळीच आहे. या मापात पाचपैकी दोनच गोळ्या बोलतात, बाकीच्या तीन कुठेही असोत. शिवाय गोळ्या वाढल्या की एखादी लांब जाण्याची संधीही वाढते. तीच रायफल, तोच हात, नेहमीसारखा विखुरलेपणा धरला, तरी 3 गोळ्यांचा ग्रुप सरासरी 10 मिमी येत असेल तर 5 गोळ्यांचा साधारण 13 आणि 10 गोळ्यांचा 16च्या आसपास येतो. खिशात तीन गोळ्यांचं टार्गेट घडी करून फिरणार्‍याला म्हणूनच मी आधी विचारतो, असे किती कागद टाकून दिलेस?

त्यापेक्षा सगळ्या भोकांचं मिळून मध्य काढावं, तिथून प्रत्येक भोक किती लांब आहे ते मोजावं आणि सरासरी घ्यावी. वेळ जातो, पण ‘ती एक हातून सुटली’ म्हणत ज्या गोळीवर आपण बोट ठेवतो, तीही हिशेबात राहते.