फादर तेल घेऊन आले म्हणजे माणूस चालला?

कॅथलिक घरांत हा समज पिढ्यान्‌पिढ्या आहे, म्हणून आजाऱ्याला ‘धसका बसेल’ या भीतीने फादरांना बोलावणे लांबवले जाते. समज निराधार नव्हता. आजाऱ्याला तेल लावण्याच्या या संस्काराचे नावच पूर्वी ‘अंतिम अभ्यंग’ होते. पण दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (1962-65 मधली जगभरच्या कॅथलिक बिशपांची सभा) तो केवळ मरणासन्नांसाठी नाही असे स्पष्ट केले आणि 1972 साली पोप सहावे पॉल यांनी नवा विधी दिला. आता नाव रुग्णाभिषेक.

गंभीर आजार, त्यामुळे होणारी मोठी शस्त्रक्रिया किंवा वार्धक्याने आलेली क्षीणता, एवढे कारण पुरते. फादर आधी मस्तकावर हात ठेवतात, मग आशीर्वादित तेल (बहुधा ऑलिव्हचे) कपाळाला आणि तळहातांना लावतात. पूर्वी डोळे, कान, नाक, ओठ, हात, पाय अशी यादी होती. बरे होऊन पुन्हा गंभीर आजार झाला किंवा त्याच आजाराने प्रकृती ढासळली, तर संस्कार पुन्हा घेता येतो.

उशीर केल्याने नेमके काय हुकते? बेशुद्ध माणसाला तेल लावता येते, पण त्याला पापनिवेदन (फादरांपुढे पापांची कबुली) करता येत नाही, ख्रिस्तप्रसाद (मिस्सेत अर्पण केलेली भाकर) गिळता येत नाही. आणि मरणाऱ्याचा खरा शेवटचा संस्कार तेल नव्हे, तोच प्रसाद आहे: प्रवासाची शिदोरी. मृत्यू निश्चित झाल्यावर अभिषेक होत नाही, फक्त प्रार्थना होते. शंका असेल तर मात्र करतात.

तेल म्हणजे स्वर्गाचे तिकीटही नव्हे. बायबलमधल्या याकोबाच्या पत्रात (5:14-15) रुग्णाला वाचवते ती विश्वासाची प्रार्थना, आणि उठवतो तो प्रभू.