माशाच्या पिल्लाआधी त्याच्या खाऊला जेवू घाला

'मोठ्या माशांचंच खाद्य बारीक कुटून टाकायचं, खातील की पिल्लं' हा सल्ला इतक्या वेळा वाचलाय की शेवटी लिहायला बसलो. गप्पीची पिल्लं खातात, सॅमनचीही खातात कारण सॅमनचं अंडंच ५-६ मिमीचं, पिल्लू दणकट. पण सी ब्रीमसारख्या समुद्री माशाचं पिल्लू अंड्यातून येतं तेव्हा जेमतेम ३ मिमीचं, तोंड उघडलेलं नसतं, डोळ्यात रंग नसतो. पोटाला चिकटलेल्या बलकावर तीनेक दिवस निघतात. मग तोंड उघडतं, पण जठर अजून तयार नसतं, आणि समोर काहीतरी वळवळल्याशिवाय ते झडप घालत नाही. भुकटी तळाशी बसते, सडते, पाणी खराब करते. आणि उपासमार ठरावीक वेळेपलीकडे गेली की नंतर कितीही अन्न द्या, पिल्लाच्या अंगात खायची ताकदच उरत नाही.

म्हणून हॅचरीत, म्हणजे माशांची पिल्लं वाढवतात त्या केंद्रात, जिवंत खाद्य वाढवतात. आधी रोटिफर नावाचे पाण्यातले सूक्ष्म जीव, ०.१ ते ०.३ मिमीचे, मग आर्टेमिया या खाऱ्या पाण्यातल्या, कोळंबीसारख्या बारीक जीवाची पिल्लं. आर्टेमियाची वाळलेली अंडी डब्यात वर्षानुवर्षं टिकतात आणि कोमट खाऱ्या पाण्यात हवा सोडली की साधारण २४ तासांत फुटतात, सोयीचं काम.

पण पोट भरूनही पिल्लं मरतात, आणि खरी गंमत इथेच आहे. पिल्लू शिकार करतं डोळ्यांनी. डोळ्याच्या पडद्यातल्या पेशींची आवरणं डीएचए नावाच्या ओमेगा-३ फॅटी अ‍ॅसिडने भरलेली असतात: २२ कार्बनची साखळी, ६ दुहेरी बंध, त्यामुळे साखळी वाकडीतिकडी होते, आवरण लवचिक राहतं आणि त्यातली प्रकाश पकडणारी प्रथिनं झटपट हालचाल करू शकतात. गोड्या पाण्यातले बरेच मासे १८ कार्बनच्या साखळीपासून डीएचए बनवतात, समुद्रातल्या बहुतेकांना ते नीट जमत नाही, कारण निसर्गात ते खाण्यातूनच मिळतं. हेरिंगवर १९९५ साली छापून आलेल्या प्रयोगात डीएचए कमी मिळालेल्या पिल्लांना मंद उजेडात नीट दिसेना.

आणि आर्टेमियात डीएचए जवळपास नसतंच! मग उपाय काय, तर आर्टेमियाला फिश ऑइलचे बारीक थेंब नाहीतर डीएचएवालं शेवाळ खाऊ घालायचं आणि भरल्या पोटाने पिल्लापुढे सोडायचं. आर्टेमिया म्हणजे इथे नुसता डबा, आत काय भरायचं ते आपण ठरवायचं. पण डब्याचंही तोंड सुरुवातीला बंद असतं, अंड्यातून आल्यावर साधारण ८ तासांनी कात टाकली की मगच तो खायला लागतो, त्याआधी तेल ओतलंत तर फुकट. वर आर्टेमिया स्वतःच डीएचए मोडून ईपीए हे दुसरं, छोट्या साखळीचं ओमेगा-३ बनवत राहतो, म्हणजे डबा आतला माल खातो, त्यामुळे भरल्यावर फार वेळ ठेवायचा नाही, ठेवायचाच तर थंडीत.

यावरून बाटलीतल्या 'चमत्कारी ब्रेन बूस्टर' थेंबांची जाहिरात आठवली असेल तर ती विसरा, जास्त तेल म्हणजे जास्त हुशार मासा असं काही नसतं. उलट आर्टेमिया न धुता टाकला तर तेलाचा तवंग पाण्यावर पसरतो, आणि याच दिवसांत पिल्लाला वर येऊन हवेचा एक घोट घ्यायचा असतो, त्यावर त्याची हवेची पिशवी फुगते. तवंग आडवा आला की घोट चुकतो, बऱ्याच जातींत आतड्यातून पिशवीकडे जाणारी नळी नंतर बंद होते, आणि तरंगायला सतत धडपडणाऱ्या त्या पिल्लाचा कणा वाकतो. म्हणून भरवून झालं की आर्टेमिया बारीक जाळीत स्वच्छ पाण्याने खळखळून धुवा, आणि टाकीवर तवंग ओढून घेणारा स्किमर लावा.