प्रत्यारोपित यकृताची डॉप्लर देखरेख

यकृत प्रत्यारोपणात नव्या यकृताच्या रक्तवाहिन्या रुग्णाच्या रक्तवाहिन्यांना शिवून जोडतात. त्या जोडांतून रक्त नीट वाहते आहे का, हे शस्त्रक्रियेनंतर डॉप्लर सोनोग्राफीने (ध्वनिलहरींनी रक्तप्रवाहाचा वेग दाखवणाऱ्या तपासणीने) वारंवार पाहण्याच्या पद्धतीला डॉप्लर देखरेख म्हणतात. यकृतात रक्त आणणारी पोर्टल व्हेन आणि बाहेर नेणाऱ्या यकृत नीलाही तपासल्या जातात, पण खरी धास्ती असते ती यकृत रोहिणीची, म्हणजे यकृताला शुद्ध रक्त पुरवणाऱ्या धमनीची.

वरवर पाहता हे उलटेच वाटते. यकृताचे सुमारे ७५ टक्के रक्त पोर्टल व्हेनमधून येते; रोहिणीचा वाटा लहान. मात्र पित्तनलिका प्रामुख्याने रोहिणीच्याच रक्तावर जगतात. मूळ यकृताला आसपासच्या ऊतींकडून बारीक आडवाटांनी रक्त मिळू शकते. प्रत्यारोपणात त्या वाटा तुटतात. त्यामुळे सुरुवातीच्या दिवसांत रोहिणीत गुठळी झाली, तर पित्तनलिका मरू लागतात, पित्त गळते, यकृतात गळवे होतात. वेळ हातची गेली की पुन्हा प्रत्यारोपण करण्याची पाळी येते. जिवंत दात्याच्या यकृताचा भाग बसवताना रोहिणी अनेकदा अवघी २-३ मिमी रुंद असते आणि तिचा जोड सूक्ष्मदर्शकाखाली किंवा भिंगाच्या चष्म्यातून शिवावा लागतो. भारतात अशी प्रत्यारोपणेच अधिक होतात.

पहिली तपासणी बहुधा पोट शिवण्यापूर्वीच होते. पुढे आठवडाभर रोज, काही रुग्णालयांत दिवसातून दोनदा, यंत्र खाटेपाशी आणतात. पडद्यावर रोहिणीतल्या रक्ताच्या वेगाची लाट झटकन चढून सावकाश उतरली पाहिजे आणि दोन ठोक्यांच्या मधेही प्रवाह चालू राहिला पाहिजे. कमाल वेगातून ठोक्याअखेरचा वेग वजा करून बाकीला कमाल वेगाने भागले की प्रतिरोध निर्देशांक मिळतो. तो साधारण ०.५५ ते ०.८० असावा. तो ०.५ च्या खाली गेला आणि लाट रेंगाळत चढू लागली, तर तपासलेल्या जागेच्या आधी, हृदयाच्या बाजूला, कुठेतरी रोहिणी अरुंद झाल्याची शंका घेतात. पहिल्या दोन-तीन दिवसांत निर्देशांक चढा दिसणे मात्र नेहमीचे. नव्या यकृताची सूज ओसरली की तो बहुधा खाली येतो. म्हणून एका आकड्यापेक्षा कालच्या आणि आजच्या आलेखातला फरक अधिक बोलका.

प्रवाह मुळीच न दिसणे ही धोक्याची घंटा असली, तरी तो गुठळीचा पुरावा नव्हे. रक्तदाब घसरला असेल, आतड्यात वायू असेल, ड्रेसिंगमुळे प्रोब (यंत्राचा अंगावर टेकवायचा भाग) टेकवायला जागा नसेल, तरी रोहिणी सापडत नाही. अशा वेळी सूक्ष्म बुडबुड्यांचे औषध शिरेतून देऊन पुन्हा सोनोग्राफी किंवा थेट सीटी अँजिओग्राफी (रक्तवाहिन्यांचा सीटी स्कॅन) करतात. गुठळी असल्याचे पक्के झाले, तर तासांचा हिशेब सुरू होतो. यकृताच्या विकरांची रक्तातली वाढ कधीकधी उशिरा कळते आणि रुग्णाला तोवर काहीच जाणवत नसते. रोजच्या तपासणीचा खटाटोप त्यासाठीच.

काही ठिकाणी जोडाशेजारी बारीक डॉप्लर प्रोब बसवून त्याची तार पोटाबाहेर काढून ठेवतात. प्रवाहाचा आवाज मग सतत ऐकता येतो. काम झाले की ती तार ओढून काढतात.